शंभराचा गोळा

आमच्या थोरल्या दिराएवढा आडमुठा माणूस साऱ्या निपाणीत न्हवता. एकदा बोलला की बोलला, मग समोर भिताड असंल तरी ह्यो त्यातनं चालत जाणार. धोतर पांढरंफेक, मिश्यांना तेल, आणि अक्कल म्हणशीला तर ती कुठं ठेवली व्हती देवाला ठावं. इजेचे दिवे आले तवा आमच्या सोप्यात बी एक गोळा लागला. तुळईला वायर, तिच्या टोकाला गोळा, वर पुठ्ठ्याची टोपी. वायरमन बेळगावकडचा कानडी माणूस. जाताना म्हणाला, "आप्पा, चाळीसचाच लावा. शंभर बेडा, नको! टोपी जळंल, वायर जळंल."

झालं! ह्येंच्या घराण्याचा अपमान झाला. "चाळीस? कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दारात साठाचा हाय, आणि आमी चाळीसात बसू व्हय?" दुसऱ्याच दिवशी बेळगाव गाठलं आणि शंभराचा गोळा आणला. मोटारीत सारी वाट धोतराच्या सोग्यात गुंडाळून मांडीवर धरलावता. स्वताच्या लेकराला कवा असं धरलं न्हाय. गोळ्याला हळदकुंकू लावून पेटवला आणि गल्लीला बोलवून दावला. डोळ्यांतनं पाणी गळायचं, तरी त्येच्याकडंच बघायचं आणि म्हणायचं, "तेज बघा, तेज!"

पुढं त्या टोपीवर ओली तमाखू वाळवायला लागलं. वास सुटायचा. आक्का, म्हंजी माझी थोरली जाऊ, म्हणायची, "अवो, कायतरी करपतंय." तर म्हणं, "नवा जिन्नस हाय, वास येणारच." टोपी तांबडी पडली. आक्का म्हणाली, "भाकरीगत खरपूस झाली, आता उलथून टाका." न्हाय ऐकलं.

माझं म्हणाल तर मी ईस वर्साची रांड झालेली. मालक तापानं गेलं, पदरात सहा म्हयन्यांची पोरगी. दिवसभर त्या सोप्याच्या कडंला बिड्या वळायची. पोरीचा पाळणा त्याच तुळईला, गोळ्याच्या खाली. आणि आमच्यात धाकट्या भावाच्या बायकूनं थोरल्या दिराम्होरं तोंड उघडायचं न्हाय. काय सांगायचं तर आक्काला सांगायचं, आक्का त्येंला सांगणार.

एक दिवस सांजंला पाव्हणा आला. आक्का गोठ्यात धार काढत व्हती. दीर गोळ्याखाली मांडी घालून पाव्हण्याला तेज समजावतंय, आणि मी सैपाकघराच्या दारातनं बघते तर टोपीतनं धूर! पोरगी खाली निजल्याली. मी दाराची कडी वाजवली. न्हाय. तांब्या आपटला. पाव्हण्याला म्हणत्यात, "आमची धाकटी भांडी लई आदळती." मी घागर सोडली हातातनं, धाडकन्! "च्या आणती वाटतं," म्हणत्यात.

टोपीला जाळ लागला.

"ओ भावजी! दिवा इझवा! पोरगी जळंल माझी!"

आणि ह्यो शहाणा माणूस उठून चारी कोपऱ्यांत बघायला लागला. "कोण बोललं? कोण बोललं रं?" माझा आवाज त्येंनी कवा ऐकलाच न्हवता की. मी डोईवर पदर न्हाय, काय न्हाय, तशीच धावले, पोरीला उचललं, तवर जळका पुठ्ठा पाळण्यात पडला. बटण दाबलं ते पाव्हण्यानं. वाकळ जळली, पोरगी वाचली.

चुकलो म्हणाले? छे! "गोळाच खोटा निघाला," म्हणाले. पर दुसऱ्या दिवशी गुमान चाळीसचा आणून लावला. आणि सांजंला बटणाजवळ हुबं राहून सोप्यातनं सरळ मलाच हाक मारली, "धाकटे, दिवा लावतुया. पोरगी कुठं हाय?"

मी आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, "मला काय बघतीस? तुला इचारलंय."

"माझ्याजवळ हाय, भावजी," म्हणाले मी.

गल्लीत लोक हसली, दीर-भावजय तोंडाला तोंड लावून बोलत्यात म्हणून. त्येंनी आडमुठेपणानं तेबी ऐकलं न्हाय. मरंस्तवर रोज सांजंला इचारत व्हते. पोरगी लगीन होऊन कोगनोळीला गेली तरी इचारत व्हते. मी म्हणायची, "ती तिच्या घरला हाय, भावजी. लावा."