राजारामपंतांनी सुधारलेला दरवाजा

राजारामपंत कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत, मग चहाला हात लावत. खिशात बोटाएवढी पाणसळ कायम असे. पुण्यात वीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंगं करून ते २०१२ साली ऑकलंडला आले आणि ईस्ट टामाकीच्या एका लाकूडकामाच्या वर्कशॉपमध्ये चिकटले. कोरीवकामाच्या मशीनसाठी कॉम्प्युटरवर डिझाइन तयार करणं, हे त्यांचं काम. मंडळाच्या गणपतीची कमान दोन मिलिमीटर कललेली त्यांना ऐन आरतीत दिसली होती. आरती संपेपर्यंत आपण गप्प राहिलो, हा मोठेपणा ते अजून ऐकवत. देवानं यांना डोळ्यांऐवजी फूटपट्टी दिलीय, असं पत्नी सुनीताबाई म्हणत.

२०१६ साली पापाकुऱ्याच्या फार्मासिस्ट हाला त्यांच्याकडे एक कागदाची गुंडाळी घेऊन आल्या. बाई मूळच्या कैरोच्या, वडील सुतार. तिकडच्या शेकडो वर्षं जुन्या मशिदींच्या दारांवर लाकडाचे बारीक तुकडे एकमेकांत बसवून केलेली चांदण्यांची नक्षी असते. तशी नक्षी वडिलांनी स्वतःच्या घराच्या दाराला केली होती. वडील गेले, पुढे रस्तारुंदीत घरही गेलं. घर पाडायच्या आदल्या दिवशी आईनं दारावर कागद धरून, पेन्सिल घासून ठसा घेतला, तेवढा उरला. आता आई कायमची लेकीकडे येणार होती आणि तिनं तशाच दारातून घरात पाऊल टाकावं, एवढीच हालाबाईंची इच्छा होती.

राजारामपंतांनी ठसा टेबलावर पसरला आणि त्यांना त्या सुताराची कीव आली. दोन फळ्यांचं दार, पण वरचा वेलबुट्टीचा पट्टा उजव्या फळीवर एक आणि डाव्या फळीवर भलताच. शिवाय डावीकडच्या एका चांदणीचं टोक घसरलेलं. वेलबुट्टीत अरबी अक्षरं गुंफलेली होती. पण हालाबाईंना ते सांगायची गरज वाटली नाही आणि राजारामपंतांना विचारायची. त्यांनी उजवी फळी आरशातल्यासारखी उलटवून डावीकडे बसवली. एका क्लिकचं काम. वर्कशॉपचा मालक ग्रेग ‘स्वीट ॲज’, म्हणजे झकास, म्हणाला.

आई आली त्याच सकाळी दार बसलं. हालाबाई विमानतळावरून परतल्या आणि दाराकडे बघतच राहिल्या. पण पाहुण्यांतले एक कोटवाले गृहस्थ भलतेच खूश झाले. लिहिलेला मजकूर आणि समोर त्याचंच प्रतिबिंब, ही जुन्या उस्तादांची रीत, तुमचा अभ्यास दांडगा आहे, असं त्यांनी पंतांना सांगितलं. ती अक्षरं आहेत हे पंतांना तेव्हा कळलं. ‘थोडाफार आहे,’ ते म्हणाले.

म्हातारीनं काठी लेकीकडे दिली आणि पट्ट्यावर उजवीकडून बोट फिरवायला सुरुवात केली. येणाऱ्याला बरकत असो, एवढं उजव्या फळीवर होतं. बोट डाव्या फळीवर गेलं आणि थांबलं. तिनं काहीतरी विचारलं.

‘आई विचारतेय, बाबांचं नाव कुठे आहे?’ हालाबाई म्हणाल्या.

जुने कारागीर करत तसं, वडिलांनी मजकुराच्या शेवटी आपलं नाव कोरलं होतं. उस्तादांच्या रीतीमागे लपायला पंतांना अजून जागा होती. पण ती बाई बोट उचलेना, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘ते मी काढलं,’ ते म्हणाले. ‘मला ती चूक वाटली.’

लेकीनं ते अरबीत सांगितलं. म्हातारीनं पंतांना नीट न्याहाळलं आणि जे म्हणाली त्याचा अर्थ असा, की माझा नवराही असाच होता, लोकांची दारं बघून त्याची झोप उडायची. त्याचं नाव नीट कोर, नाहीतर तुझी चूक काढायला येईल तो. सगळे हसले. पंतांना हसू आलं नाही.

पुढचे चार शनिवार त्यांनी पदरमोड करून नवी डावी फळी केली. नाव तर ठशाबरहुकूम आलं. राहिली ती घसरलेली चांदणी. पंतांचा हात दोनदा माउसकडे गेला. मागे उभी असलेली त्यांची लेक अनुष्का म्हणाली, ‘बाबा, जस्ट लीव्ह इट.’ त्यांनी सोडून दिलं, पण जेवण गोड लागलं नाही.

फळी बसली. म्हातारी नावापाशी थांबलीच नाही. तिचा हात थेट त्या वाकड्या टोकावर गेला. ती बोलत होती आणि हालाबाई सांगत होत्या. तो हे कोरत असताना हिला कळा सुरू झाल्या, हिनं आतून हाक मारली आणि त्याची पटाशी घसरली. त्याच दिवशी हालाबाईंचा जन्म झाला. म्हातारी पंतांकडे बघून आणखी एक वाक्य बोलली.

‘आई म्हणते, बाबा जन्मभर ते टोक दुरुस्त करायला बघत होते,’ हालाबाई म्हणाल्या. ‘तिनं हात लावू दिला नाही.’