दुखवट्याचा सिनेमा

माझ्या सासूबाईंचा दुखवटा मी काढला, आणि त्यानंतर हडपसरच्या त्या थिएटरात पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

आजेसासूबाई गेल्या तेव्हा मांजरी गावातलं सगळं घर रडलं. रडल्या नाहीत त्या फक्त त्यांच्या लेक, म्हणजे माझ्या सासूबाई. दहावा झाला, तेरावा झाला, डोळ्यांत टिपूस नाही! जेवण तुटलं, बोलणं तुटलं. नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या. माझी बायको सुजाता घाबरली. "अहो, आई मोकळी झाली नाही तर आजारी पडेल."

त्यांच्याकडे सुतक संपलं की नातेवाइकांनी घरच्यांना सिनेमाला नेऊन दुखवटा काढायची पद्धत आहे. तो मान मी मागून घेतला. (हौस!) पोस्टरवर मांडीत बाळ घेतलेली आई होती, डोळ्यांत पाणी. म्हटलं, याहून योग्य काय असणार? ट्रेलर कोण बघतो! दुपारच्या शोला सगळा गोतावळा नेऊन बसवला. माझ्या एका बाजूला सुजाता, दुसऱ्या बाजूला सासूबाई, पलीकडे मामेसासरे.

सुरुवात छान होती. पडद्यावरच्या आईचं बाळ गेलं. मामा हळहळले. मग ती रिकाम्या पाळण्याला झोके द्यायला लागली. मग तिने झोके देणं थांबवलं, आणि पाळणा थांबला नाही!

"अहो," सुजाता कुजबुजली, "हा भुताचा आहे?"

"छे! प्रतीकात्मक आहे."

तेवढ्यात पाळण्यातून एक हात बाहेर आला. बाळाचा नव्हता!

"पावणं," मामा ओरडले, "ह्यो कसला दुखवटा? आमचंबी तेरावं घालताय काय?"

पुढचा सिनेमा मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे गच्च मिटले होते. अंधारात सुजाताचा पदर हाताला लागला. त्यात तोंड खुपसलं आणि चक्क हुंदके देऊन रडायला लागलो. (भीतीने!) जरा वेळाने आठवलं, की सुजाता जीन्स घालून आली आहे.

पदर सासूबाईंचा होता!

ज्या बाईंनी लग्नापासून माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्या पदरात मी! मान वर करावी तर समोर तो हात, न करावी तर या सासूबाई. इतक्यात माझ्याच डोक्यावरून एक हात फिरला. मी किंचाळणार, तोच आवाज आला, "रडा पावणं, रडा. माझ्या आईचा तुमच्यावर लई जीव व्हता." आणि सासूबाईंनी असा हंबरडा फोडला, की पडद्यावरचं भूत ऐकू येईना. "आये, मला टाकून कुटं गेलीस गं!"

सुजाता रडली, मामा रडले, पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईसुद्धा रडल्या. मलाही तेव्हा खरंच भरून आलं. डोळे मात्र मी उघडले नाहीत.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी आपणहून वडापाव मागितला आणि पोटभर खाल्ला. "सख्ख्या लेकाला जमलं नसतं, ते जावयानं केलं," भेटेल त्याला सांगत होत्या.

सुजाताने माझ्याकडे रोखून पाहिलं. "एवढा जीव होता आजीवर?"

"होता," मी म्हणालो.

आता मांजरीपासून लोणी काळभोरपर्यंत कुणाकडेही माणूस गेलं, की पहिला फोन मला येतो. "पावणं, याच तुम्ही. तुमच्यावानी रडाय कुणाला येत न्हाई." मी मुकाट्याने जातो. खरं काय ते सांगून टाकायला हिंमत लागते. ती असती तर सासूबाईंच्या पदरात कशाला शिरलो असतो!