मान हलवली म्हणजे समजलं असं नाही

"इंट्रासेरेब्रल हेमरेज," डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं केलं, "दिमाग में खून बह गया है, बेन. खून पतला करने की गोली कितनी लेते थे?"

"एक," मी म्हटलं.

"पूरी एक? आधी गोली करने को बोला था न पिछली बार?"

मला कोणी काही बोललं नव्हतं. मी माझ्या मुलीकडे, मनीषाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. काचेच्या पलीकडे माझे मिस्टर स्ट्रेचरवर होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबत होता. मला तो हात उचलून वर ठेवायचा होता. आत जाऊ देत नव्हते.

सकाळी ते पहिल्या पाळीला निघाले होते. "डोकं दुखस, बाकी काही नही," म्हणाले. चप्पल घालायला उभे राहिले आणि उजवा पाय चपलेत जाईचना. मी हसले. म्हटलं, नवी चप्पल आहे का, ओळख नाही तुमची? तेवढ्यात ते भिंतीला टेकत खाली बसले. माझ्याशी बोललेलं त्यांचं शेवटचं धड वाक्य तेच, डोकं दुखस.

हे मी लिहितेय ते ज्यांच्या घरी वॉरफरिनची गोळी चालू आहे त्यांच्यासाठी. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी. मिस्टरांना लहानपणी सांधे धरून ताप आला होता, गावी कोणी फार लक्ष दिलं नाही. त्याच तापाने हृदयाची झडप खराब होते, त्याला रुमॅटिक हार्ट डिसीज म्हणतात. सुरतेत ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. धातूवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून जन्मभर ही गोळी. मधूनमधून आयएनआर करायचा, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते पाहायचं आणि त्याप्रमाणे गोळी कमीजास्त करायची. त्या दिवशी आयएनआर असायला हवा त्याच्या कितीतरी वर गेला होता. भरीला भर, गुडघ्यांसाठी ते गल्लीतल्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होते. त्या गोळ्यांनी आणखी रक्तस्राव होतो, हे मला आयसीयूच्या दारात कळलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. आयसीयूबाहेर लोखंडी बाकडी होती. तिथे बसून मी आत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कपड्याकडे आशेने पाहायची. कोणी थांबायचं नाही. थांबलं की जास्त भीती वाटायची.

डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि रक्त घट्ट व्हावं म्हणून इंजेक्शन दिलं, प्लाझ्मा चढवला. चला, सुटलो, असं मला वाटलं. पण त्यांनी मला बाजूला घेतलं. "गोली बंद रखेंगे तो वॉल्व पे क्लॉट. चालू करेंगे तो फिर ब्लीडिंग का डर. देखते हैं." इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं. आता माझा माणूस त्या दोन्हींच्या मधे झोपला होता आणि मला त्याच्यासाठी करता येण्यासारखं काहीच नव्हतं. नवस बोलायचं सुचलं नाही. मी नुसती बसून राहिले.

काही दिवसांनी ते डोळे उघडून पाहू लागले. मी विचारलं, "मी कोण शे?" त्यांचे ओठ हलले, आवाज आला, पण शब्द झाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, अफेझिया. म्हणजे मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली आहे. माणूस ओळखतो, बरंचसं समजतो, पण शब्द सापडत नाहीत. "वापस आएगा?" मनीषाने विचारलं. "थोडा आ सकता है," एवढंच उत्तर.

त्याच आठवड्यात दवाखान्यात ट्रेनिंग चालू होतं. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, नर्स आणि वॉर्डबॉय लोकांना शिकवायला. आयसीयूशेजारच्या खोलीत चहा-बिस्किटं जायची आणि दारावर कागद लावला होता, क्वालिटी इम्प्रूव्हमेंट. मनीषाने अर्थ सांगितला: काम सतत सुधारत राहायचं. मला असा संताप आला. बैल गेला आणि झोपा केला. माझा नवरा मुका झाला आणि या बाया शाळा भरवून बसल्यात, असं मी मोठ्याने म्हटलं. मराठीत म्हटलं, म्हणून खपलं असं मला वाटलं. पण मॅडमना मराठी येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच आत बोलावलं.

आत हेतल सिस्टर बसली होती, ओपीडीत काम करणारी. मागच्या खेपेला मिस्टरांना गोळीचं तिनेच सांगितलं होतं, मी तेव्हा औषधांच्या खिडकीशी रांगेत होते. कागदावरही होतं म्हणे, गुजरातीत आणि डॉक्टरी अक्षरात. मला पाहून ती पोर रडायलाच लागली. "में तो कीधुं'तुं, मासी. एमणे माथुं हलाव्युं'तुं." मी सांगितलं होतं, त्यांनी मान हलवली होती.

मला तिची चूक हवी होती. खरं सांगते, कोणाची तरी चूक मिळाली असती तर मला त्या दिवशी भाकर गोड लागली असती. पण मॅडम म्हणाल्या, "ताई, कोणाचं चुकलं ते इथे शोधायचं नाही. असं का झालं, ते शोधायचं. त्यांनी मान का हलवली असेल?"

"का म्हणजे?" मी चिडून म्हटलं. "लूमवरचा माणूस आहे तो. तापीत उडी मारा म्हणाली असती तरी मान हलवली असती."

मग मीच पुढे बोलत गेले. उधन्याच्या लूमखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. मालक येऊन काही बोलला की आधी मान हलवायची. काय म्हणून विचारायला गेलं की तोवर धागा तुटतो आणि बोलणी बसतात. मग कारीगर आजूबाजूला पाहून, हातवारे करून समजून घेतात. मी डबा घेऊन जायची तेव्हा हे दुरून अंगठ्याचं नख पहिल्या बोटाच्या मधल्या पेरावर ठेवून दाखवायचे. म्हणजे आज अर्धीच पाळी, लवकर येतो. इतकी वर्षं त्या आवाजात काढून कान गेलेले. घरीसुद्धा मी काही सांगितलं की मान हलते, आणि कोथिंबीर म्हटलं की मेथी येते. त्या दिवशी ओपीडीतून आल्यावर मी विचारलं होतं, "काय सांगं तिनी?" तर म्हणाले, "समदं बराबर शे."

हे मला सगळं ठाऊक होतं. पण ती मान दवाखान्यातही हलत असेल आणि तिथे तिला होकार समजत असतील, हे बोलता बोलता मला पहिल्यांदा दिसलं. माझं रडू तिथे फुटलं. हेतलने पाणी आणून दिलं.

मग मॅडम आणि नर्सेसचं काम सुरू झालं. मॅडमचं म्हणणं, एक छोटा बदल करून पाहायचा, जमला नाही तर दुसरा. आधी त्यांनी गोळीचं मोठ्या अक्षरात लिहून द्यायला घेतलं, तेही गुजरातीत. गोडादऱ्याच्या वस्तीतून येणारे आमचे निम्मे लोक गुजराती वाचता येत नाही म्हणून तो कागद देवाच्या फोटोमागे ठेवतील, मी म्हटलं. मग नर्सेस रुग्णांशी मोठ्याने बोलू लागल्या. त्याने उलटंच झालं, सगळी ओपीडी वळून पाहते म्हटल्यावर माणसं लाजून आणखी भरभर माना हलवू लागली. मला वाटलं, झालं, आता सोडून देतील. शेवटी हेतलने रुग्णाच्या तळहातावर गोळ्या ठेवायला सुरुवात केली. ओठ दिसावेत म्हणून मास्क खाली करायची, समोर बसायची आणि म्हणायची, आता तुम्ही घरी काय करणार ते मला करून दाखवा. गर्दीच्या दिवशी हेही राहून जायचं. औषधं आणायला ओपीडीतून जाताना मी पाहत होते ना. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच धरायच्या, हेही पाहत होते.

या सगळ्याने आमचं काही परत येणार नव्हतं. उजवी बाजू तशीच होती. डॉक्टरांनी बऱ्याच विचाराने गोळी पुन्हा चालू केली, अर्धी. म्हणाले, "इसमें गलती की जगह नहीं है."

घरी सोडायच्या दिवशी हेतल ओपीडीतून वर्दळ सोडून वॉर्डात आमच्या खाटेशी आली. मी म्हटलं, "यांना काय विचारते बाई, मला सांग." तिने मला सांगितलं, माझ्याकडून करून घेतलं, आणि मग तरीही त्यांच्यासमोर बसली. डाव्या तळहातावर गोळी ठेवली. "काका, कितनी लेनी है?"

त्यांनी मान हलवली.

हेतल उठली नाही. पुन्हा विचारलंही नाही. हात तसाच धरून बसून राहिली. शेजारच्या खाटेवरचे हाका मारत होते, तरी बसली. मग त्यांच्या हातातली गोळी चादरीवर पडली, आणि डाव्या हाताचा अंगठा हळूहळू सरकत पहिल्या बोटाच्या मधल्या पेरावर आला.

"अर्धी," मी म्हटलं. "अर्धी म्हणताहेत ते. ही लूमवरची खूण आहे." हेतलने तीच खूण आपल्या बोटावर करून दाखवली, आणि ते तोंड वाकडं करून हसले.

आता आम्ही घरी आहोत. शब्द आले नाहीत, दोनचार आवाज आलेत, त्यातला एक माझ्या नावासारखा आहे असं मी धरून चालते. रोज गोळीच्या वेळी मी त्यांच्या तळहातावर गोळी ठेवते आणि ते खूण करतात. तुमच्या घरी कोणाला अशी गोळी चालू असेल तर एवढंच सांगते, मान हलली म्हणून उठू नका. करून दाखवायला सांगा, आणि ते करेपर्यंत बसा. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

त्या पोरीवर मी संतापले होते. तिच्याकडूनच मी बसून राहायला शिकले. तिचं भलं होवो.

पण गोळीचं करून दाखवता येतं, मनातलं नाही. संध्याकाळी मी त्यांना दारात खुर्चीवर बसवते, लूमवरून सुटलेली माणसं गल्लीतून जाताना हात करतात, ते पाहत राहतात. मी विचारते, "बरं वाटस ना?" ते मान हलवतात. ती मान खरी की लूमखात्यातली, मला अजून कळत नाही. मग मी माझा हात त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवते आणि बसून राहते.