फळीवर अंथरलेली कॉमिक्स

त्या सकाळी पाणी भरलं, भांडी घासली आणि यांच्या कॉमिक्सची पानं फाडून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर अंथरली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, मला ती रद्दीच वाटली.

संध्याकाळी हे अंबडहून कामावरून आले. एक कॉमिक त्यांचं अर्धंच वाचून झालं होतं. म्हणाले, "अगं, शेवटचं पान कुठल्या डब्याखाली आहे, तेवढं तरी सांग!" मी नुसती हसले.

पुढे हे वारल्यावर मी वाचायला शिकले. आता तुमच्यासारखीच मोबाइलवर कॉमिक्स वाचते.

आज फळ्या रंगवायच्या म्हणून जुने कागद काढले, तर तळाशी ते शेवटचं पान निघालं. मी ते वाचलं. सांगू कुणाला?

त्या संध्याकाळनंतर त्यांनी परत कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उरलेली पानं खालच्या फळीवर अंथरली होती.