बावीस कपाटांतली ठमी

मास्तरांनी जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं, तरी ऑफिसात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ते मूळचे टायपिस्ट. वीस वर्षं टाइपरायटर बडवला, आणि त्या वीस वर्षांत एका कागदावर खाडाखोड होऊ दिली नाही. त्यांचा एक नियम होता, आणि तो ते विचारणाऱ्याला ऐकवत, न विचारणाऱ्यालाही ऐकवत. "मजकुरात डोकं घातलंत की बोट चुकलंच म्हणून समजा. समोर दिसेल ते अक्षर मारायचं. अर्थ लावायला साहेब बसलेत." या नियमावर त्यांची नोकरी टिकली आणि या नियमापायीच त्यांची मान खाली गेली. ती कशी, तेच सांगायचं आहे.

त्यांचं ऑफिस बावीस ग्रंथालयांची वेबसाइट सांभाळायचं. हवं ते पुस्तक जागेवर आहे की कोणी नेलंय, हे सभासदाला घरबसल्या दिसावं, एवढाच त्या वेबसाइटचा उद्योग. त्यासाठी प्रत्येक ग्रंथालयात एक छोटा सर्व्हर होता. तो कुठे जिन्याखालच्या कपाटात, कुठे फाटक्या नकाशांच्या शेजारी, एका ठिकाणी तर झाडू आणि फिनेलच्या बाटल्यांच्या संगतीत. सर्व्हरवर लिनक्स ही यंत्र चालवणारी प्रणाली चढवायची, त्यावर फ्रेमवर्क चढवायचं, म्हणजे वेबसाइट उभी करायला लागतो तो तयार सांगाडा, आणि मग साइट सुरू करून द्यायची. हे काम मास्तरांचं.

मास्तर कामाला बसले की बघणाऱ्यांची गर्दी जमे. ते पिशवीतून टाइप केलेल्या कागदांची फाइल काढत, लाकडी स्टँडवर उभी करत, चष्मा पुसत. मग नजर कागदावर आणि दहाही बोटं कीबोर्डवर. पडद्याकडे बघत नसत. एकेक कमांड मारून झाली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावू लागत आणि ग्रंथपालबाई धास्तावून विचारत, "मास्तर, हे ठीक चाललंय ना?" मास्तर म्हणत, "हं." तेवढ्या एका हुंकाराने बाईंचा जीव भांड्यात पडे. फाइलमध्ये सदतीस ओळी होत्या. त्या सदतीसपैकी एकीचाही अर्थ मास्तरांना ठाऊक नव्हता.

त्या ओळी लिहिल्या होत्या एका मुलीने. अकरा वर्षांपूर्वी ती ऑफिसात आठ महिने होती, कच्च्या नेमणुकीवर. इंजिनियर झाली होती, अक्षर अगदी कोंबडीचे पाय, आणि डोकं मात्र लखलखीत. मास्तरांना ती काका म्हणायची. पहिले तीन सर्व्हर तिनेच उभे केले, आणि करता करता प्रत्येक ओळ एका वहीत उतरवून ठेवली. ते गिचमिड अक्षर मास्तरांना बघवत नसे. त्यांनी आपणहून ती वही सुबक टाइप करून दिली, समास सोडून, पानांना क्रमांक घालून. टाइप करताना त्यांना एक शब्द पुन्हा पुन्हा दिसला. ठमी.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

ती लाजली. "माझं घरचं नाव आहे काका. सर्व्हरवर आधी एक वापरकर्ता तयार करावा लागतो ना, त्याला उदाहरण म्हणून दिलंय. तुम्ही कराल तेव्हा हवं ते नाव टाका."

मास्तरांनी मान डोलावली आणि ठमी तशीच टाइप केली. मूळ प्रतीत फेरफार करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मग ऑफिसात पक्की जागा एकच निघाली आणि माणसं दोन होती. टाइपरायटर तोवर भंगारात गेलेले, त्यांच्याबरोबर टायपिस्टची जागाही. पुढे आपलं काय करणार, या विचाराने मास्तर घरी धड जेवत नव्हते, आणि बायको "अहो, मिठाचा खडा पडलाय का भाजीत?" म्हणून विचारत होती. अशात एके दिवशी ती मुलगी रजेवर असताना साहेब टेबलापाशी आले, फाइल चाळली, पानं उलटली आणि खूश होऊन म्हणाले, "वा मास्तर! ही सगळी रीत तुम्ही बसवलीत?"

मास्तर म्हणाले, "हो."

नंतर त्यांनी मनाची नाना प्रकारे समजूत घातली. आपण टाइप केल्याबद्दल हो म्हणालो. साहेब घाईत होते. दुसऱ्या दिवशी खुलासा करता आला असता. पण साहेबांनी काय विचारलं होतं, ते त्यांना पुरतं कळलं होतं. दुसरा दिवस आला, तिसरा आला, आणि महिना संपायच्या आत जागा मास्तरांना मिळाली. मुलीने भांडणतंटा काही केला नाही. जाताना म्हणाली, "काका, कुठे अडलं तर फोन करा हं." मास्तरांनी एकदाही फोन केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

ठमीचं नाव काढायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. चौथ्या सर्व्हरवर तिच्या जागी स्वतःचं नाव मारलं. पण फक्त एका ओळीत. तेच नाव पुढे आणखी सहा ओळींत होतं, कारण ज्याच्या नावाने सुरुवात त्याच्याच नावावर पुढचे फोल्डर, परवानग्या, सगळा संसार. चौदाव्या ओळीवर सर्व्हर हटून बसला. असा कोणी वापरकर्ताच नाही म्हणाला. मास्तर अर्धा दिवस घामाघूम झाले. शेवटी सगळं पुसलं, पहिल्यापासून बसले आणि निमूटपणे ठमी मारली. पंधरा मिनिटांत साइट चालू. त्या दिवसापासून त्यांनी फाइलमधल्या टिंबालाही हात लावला नाही. एकेक करत बावीस कपाटांत ठमी जाऊन बसली.

अकरा वर्षं अशी निभावली. मग सगळे सर्व्हर जुने झाले, फ्रेमवर्कची नवी आवृत्ती चढवायचं ठरलं, आणि ती काही फाइलमधल्या ओळींना दाद देईना. साहेबांनी बाहेरच्या कंपनीला काम दिलं. "उद्या त्यांच्या मॅडम येतील. मास्तर, तुम्ही सगळं बसवलंय, तुम्हीच त्यांच्याबरोबर बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बैठकीच्या खोलीत गेले, आणि लॅपटॉप उघडून बसलेली बाई "काका!" म्हणून ताडकन उभी राहिली. केसांत एक-दोन पांढऱ्या तारा आल्या होत्या, बाकी तीच. आता ही सर्व्हर उघडणार, जिथे तिथे ठमी बघणार, आणि आपण हिची वही कशी लाटली ते हिला कळणार. दुपारपर्यंत साहेबांना कळणार. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि ऑफिसभर छी थू. ते खुर्चीच्या टोकाला बसून राहिले.

तिने पहिला सर्व्हर उघडला. भुवया उंचावल्या. दुसरा उघडला, तिसरा उघडला. मग भराभर सगळे. बाविसावा बघून झाल्यावर ती थांबली आणि तिने मास्तरांकडे बघितलं. डोळे भरून आले होते.

"काका, तुम्ही सगळीकडे माझं नाव ठेवलंत?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मला वाटलं होतं, इथे कोणाच्या लक्षातही नसेन मी. गेले तेव्हा फार लागलं होतं मनाला. घरी सांगितलं होतं, आठ महिने राबले आणि मागे खूणसुद्धा राहिली नाही. आणि तुम्ही बावीस ठिकाणी..." तिने रुमालाने नाक पुसलं आणि हसली. "वेडेच आहात तुम्ही."

मास्तरांनी तिच्या शिव्या खायची तयारी ठेवली होती. याची नव्हती. खरं काय ते एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं, पण हळूच दुसराच एक विचार डोकं वर काढत होता. राहू दे की असंच. तीही खूश, आपलीही अब्रू शाबूत. हा विचार आपल्या मनात आला याचीच त्यांना मग इतकी शरम वाटली की समोरचा चहा पिववेना.

तिने तेवढ्यात फोन लावलासुद्धा. "आई, तू ऐक तर! काकांनी माझं नाव ठेवलंय. ठमी! बावीस सर्व्हरवर! हो, हो, ते टायपिंगवाले काका. बोल ना, इथेच आहेत." आणि फोन मास्तरांच्या हातात दिला.

पलीकडून म्हातारा, थरथरता आवाज आला. "भाऊ, काय बोलू मी? पोर तेव्हा महिनाभर खोलीतून बाहेर आली नव्हती. आपल्यातच काही कमी आहे असं धरून बसली होती. तिचे बाबा आज असायला हवे होते. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं. देव तुमचं भलं करो."

"अं... हो," मास्तर म्हणाले. अकरा वर्षांपूर्वी साहेबांना म्हणाले होते, अगदी तसंच. ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी फोन परत दिला.

"बस जरा," ते म्हणाले. "मी लक्षात ठेवून नाही ठेवलं तुझं नाव. मला बदलता येत नव्हतं. कुठली ओळ कशासाठी, मला काही कळत नाही. एकदा बदलून बघितलं, तर सगळं बंद पडलं. म्हणून भीतीने तसंच मारत गेलो. आणि ती वही... साहेबांनी विचारलं, हे तुम्ही केलंत का. मी हो म्हटलं. तू रजेवर होतीस. तुझी जागा माझ्यामुळे गेली, पोरी."

पडद्यावर ठमीच्या नावापुढे कर्सर लुकलुकत होता. ती त्याकडे बघत म्हणाली, "मी साहेबांना विचारलं होतं तेव्हा, माझं काय चुकलं. ते म्हणाले, सगळी रीत मास्तरांनी बसवलीये, तुम्ही मदतीला होतात. मला वाटलं, त्यांचाच काहीतरी गैरसमज झाला. तुमच्यावर संशयसुद्धा आला नाही मला."

मास्तरांना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "साहेबांना सांगा."

मास्तर उठले. साहेबांच्या खोलीपर्यंतची वीस पावलं चालता चालता त्यांनी मनात राजीनामासुद्धा टाइप करून टाकला, समास सोडून. आत जाऊन उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. ती मागोमाग येऊन दारात थांबली होती.

साहेबांनी ऐकून घेतलं, सही करायचा कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "अहो मास्तर, कुठलं काय उकरून काढताय! अकरा वर्षं झाली. साइट चालली ना? मग झालं तर." मग दाराकडे बघून, "या ना मॅडम, बसा. म्हणजे तुम्ही आमच्याकडे होतात? कधी?"

त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मास्तर मटकन खुर्चीवर बसले. ज्या शिक्षेच्या भीतीने अकरा वर्षं तोंड शिवून बसलो, ती शिक्षा नव्हतीच. एवढ्याशा गोष्टीला या माणसाने दोन मिनिटं दिली असती. तेव्हाही. आणि ती मुलगी राहिली असती, किंवा निदान महिनाभर खोलीत कोंडून घेऊन बसली नसती.

"आठ महिने होत्या, साहेब," मास्तर म्हणाले. "खिडकीजवळच्या टेबलावर. सगळं त्यांनीच बसवलंय."

"असेल, असेल. बरं मॅडम, काम कधी होईल?"

"परवापर्यंत, सर," ती म्हणाली.

आणि परवा संध्याकाळपर्यंत तिने केलं. नवं फ्रेमवर्क बावीस ठिकाणी चढलं. वापरकर्त्याचं नाव तिने 'ग्रंथालय' ठेवलं, ठमी सगळीकडून पुसली. मास्तर दोन दिवस शेजारी बसून होते. कामापुरतं ती बोलली, प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते समजावूनही सांगितलं, रागाचा एक शब्द काढला नाही. रागावली असती तर त्यांना झोप तरी लागली असती.

निघताना तिने लॅपटॉप बॅगेत घातला. "आईला मी काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "सांगणारही नाही. तिला फार बरं वाटलंय. तिने तुमचा नंबर मागून घेतलाय, फोन करेल अधूनमधून. तिच्याशी नीट बोला, मास्तर."

काका म्हणाली नाही.

रविवारी सकाळी फोन वाजला. बायकोने उचलला, दोन मिनिटं ऐकलं, आणि कौतुकाने फुलून मास्तरांच्या हातात दिला. "अहो, कोणीतरी आजी आहेत. किती भरभरून बोलतायत तुमच्याबद्दल! मला एवढ्या वर्षांत काही सांगितलं नाहीत ते?"

"भाऊ, चहा झाला का?" पलीकडून विचारणा झाली. "म्हटलं, सकाळी सकाळी चांगल्या माणसाशी दोन शब्द बोलावेत."

बायको समोर उभी होती, हसत. मास्तर म्हणाले, "हो, झाला. तुमचा झाला का?"