खेळासाठी पाडलेली गल्ली

“शहराचं सोडा ताई, माझी गल्ली गेली.”

आखातातल्या कुठल्या शहरात होतात, असं कोणीही विचारलं की चाचा हेच म्हणायचे आणि दाताने दोरा तोडायचे. पुढचं सांगायचं असलं तर सुईत नवा दोरा ओवायला घ्यायचे. नाहीतर विषय संपला.

भिवंडीत धामणकर नाक्यावर माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, परकराचं कापड. दुकानाच्या ओट्यावर चाचा शिलाई मशीन घेऊन बसत. असा एखादा शिंपी तुमच्याही बाजारात असेल. त्याच्या हातात आपण कपडा देतो, चेहरा बघतच नाही. मीही आधी फक्त फॉल नीट लागतोय ना, एवढंच बघायचे. तक्रार एकच होती, ते ब्लाऊज सैल शिवायचे. बायका भांडायच्या. “उमर गेली मजुरांचे कपडे शिवन्यात,” चाचा म्हणायचे. “हात वर केला तर उसवायला नको.”

तिकडे एका जुन्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. शेजारी केरळचा एक न्हावी. शुक्रवारी दोघं एका ताटात जेवायचे. फुटबॉलची जागतिक स्पर्धा त्या शहरात होणार हे कळलं, तेव्हा सगळी गल्ली नाचली होती.

“मिठाई वाटली आम्ही. वाटलं, दुनिया आपल्या गल्लीत येनार. कोनाची तरी पँट लांब असनारच, आखूड करायला माझ्याकडंच येनार!”

मग एका सकाळी भिंतींवर लाल फुल्या दिसल्या. गल्ली पाडून तिथे पाहुण्यांसाठी हॉटेलं आणि रुंद रस्ता व्हायचा होता. न्हावी आपली खुर्ची टेम्पोत घालून एकीकडे गेला, चाचा मशीन घेऊन दुसरीकडे. शहराच्या टोकाला त्यांच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी भिवंडीला परतले. तिकडचे फोन नंबर बंद झाले, आणि न्हावी हरवला तो हरवलाच.

इथे घर होतं, पण बायको ते तिकडे असतानाच वारली होती. मुलगा गोदामाच्या कामात. आल्यावर थोड्याच दिवसांत नातीने विचारलं, “दादा, तुम्ही परत कधी जाणार?” हे सांगताना चाचा हसले. मला हसता आलं नाही.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा समोरच्या मोबाइलच्या दुकानात टीव्हीपुढे गर्दी व्हायची. चाचा मॅचच्या आधी जाऊन उभे राहत. वरून शहर दाखवत, तेवढंच टक लावून बघत. चेंडूला पहिला पाय लागला की माघारी.

“अहो चाचा, खेळ तर आत्ता सुरू झाला!”

“खेळ कोन बघतो? ते पांढरं हॉटेल दिसलं ना, तिथं आम्ही जेवायचो.”

न्हाव्याच्या गावाचं नाव त्यांना ठाऊक होतं. जाऊन या की, असं मी कितीदा म्हटलं. “आन त्यानं वळखलं न्हाय तर?” असं म्हणून ते टाळत राहिले. मग एके दिवशी खरंच गेले.

आले ते थेट ओट्यावर. घर सापडलं होतं. न्हाव्याची बायको दारात आली, पण एकमेकांची भाषा कळेना. चाचांनी दोरीवरच्या सदऱ्याकडे बोट दाखवलं, त्याच्या कॉलरकडे, आणि मग स्वतःच्या छातीकडे, म्हणजे हा मी शिवलेला. ती बाई हसली, रडली, आत नेऊन तिने जेवायला वाढलं. न्हावी मात्र नव्हता. तो आता दुसऱ्याच देशात होता. तिथे पुढच्या कुठल्याशा स्पर्धेसाठी स्टेडियम उभं राहत होतं आणि तो तिथल्या मजुरांचे केस कापत होता. बायकोने व्हिडिओ कॉल लावून दिला.

“काय बोललात?” मी विचारलं.

“तो बोलला, कुठं हाईस? मी बोललो, तुझ्या घरात. तू कुठं हाईस?”

त्याने फोन फिरवून आपली नवी गल्ली दाखवली. पत्र्याची दुकानं, मागे क्रेन.

“मी बोललो, जीव लावू नको रे, ती पन पाडतील. तो बोलला, तवर तर हाय ना. बाजूची जागा खाली हाय, ये तू.”

दुसऱ्या दिवशी चाचा केस काळे करून आले. डाव्या कानालाही कलप लागला होता. पासपोर्टसाठी फोटो काढून ते परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे गेले. एजंटने फोटो बघितला, माणूस बघितला आणि म्हणाला, “चाचा, आता घरी बसून अल्ला अल्ला करा.”

त्या दिवशी त्यांनी एकही टाका घातला नाही. मी चहा दिला, तो निवला.

“हा रंग उतरायला लई दिस लागतात का ताई?” एवढंच त्यांनी विचारलं.

पुढे मुलाने भिवंडीबाहेर अंजूरला फ्लॅट घेतला. मशीनही तिकडे गेलं. मी एकदा भेटायला गेले. चौथा मजला, आणि खाली, शेतं होती तिथे, गोदामांची पत्र्याची छपरं. “इथं समद्यांचे कपडे मोबाइलवरून मागवलेले, खोक्यातून येतात,” चाचा म्हणाले. “शिवायचं कोन आननार?” माझ्या ओढणीची एक कड उसवली होती, ती मात्र त्यांनी जबरदस्तीने शिवून दिली.

ती शेवटची भेट. मी रिक्षात बसले आणि वर बघितलं. ते गॅलरीत उभे होते. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गोदामाच्या फाटकातून बंदराकडे निघालेला एक कंटेनर बाहेर पडत होता आणि चाचा त्याच्या ड्रायव्हरला हात करत होते. ड्रायव्हर समोर रस्त्याकडे बघत होता.