बाकड्यावरचं बोलणं

सकाळी सुया उकळायला स्टोव्हवर ठेवल्या की आवडाबाई आम्हाला बाकड्यावर बसवायच्या आणि आदल्या दिवशीची स्वतःची चूक सांगायच्या. दवाखान्याचं दार उघडण्याआधीचा हा त्यांचा नेम. विजयदुर्गच्या वाटेवरचा तो सरकारी दवाखाना, साल पन्नासनंतरचं. माणसं चारच: डॉक्टर, नर्स आवडाबाई, कंपाउंडर मी, आणि झाडलोटीपासून मलमपट्टीपर्यंत सगळं बघणारा गंगाराम. त्याने आमच्या शेजारी बसायचं हे कुणालाच पचलं नाही, खुद्द गंगारामलाही नाही. पण बाईंनी हट्टच धरला.

“आधी माझा ऐका, मगे तुमचा सांगा. हय सांगलेला हयच रवतला,” हे त्यांचं ठरलेलं बोलणं; बाकड्यावरचं बाहेर जायचं नाही. बाई होडीवाल्याच्या घरातल्या, आवाज खणखणीत. चुका मात्र साध्याच सांगायच्या. कुणाची पट्टी आवळून बांधली, कुठल्या बाळंतिणीवर उगाच खेकसले. हळूहळू आम्हालाही कंठ फुटला. खाली पडलेली सुई पुन्हा न उकळताच ठेवली, असं गंगाराम एकदा चाचरत म्हणाला. बाईंनी त्याच्याच हातून ती उकळून घेतली आणि विषय संपवला.

डॉक्टर घाटावरचे. ते बरेच दिवस दारात उभे राहून नुसतं ऐकत. मग तेही बसू लागले. एका पोराचं हाड नीट बसलं नाही, हे त्यांनी बाकड्यावरच सांगितलं. बाई स्वतः त्या घरी गेल्या, बापाची समजूत घालून पोराला परत घेऊन आल्या, आणि हाड नीट बसवलं गेलं. डॉक्टरांच्या नावाला गावात धक्का लागला नाही.

पुढे एका बाजारच्या दिवशी गावातल्या बड्या घरचा जावई पायाची चिघळलेली जखम घेऊन आला. पेनिसिलिन देण्याआधी कातडीत थोडंसं टोचून ते अंगाला सोसतं का, याची वाट पाहायची असते. बाई त्याच तयारीत होत्या. डॉक्टरांना बाहेरची गर्दी दिसत होती.

“यांना मागे दिलंय मी. द्या सरळ,” ते म्हणाले. मी औषधाच्या खिडकीशी होतो, माझ्या कानांनी ऐकलं. बाईंनी दिलं. तो माणूस टेबलावरून उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशीही आम्ही बसलो. “मी परत विचारूक होया होता. अडून रवाक होया होता. माझा चुकला,” बाई म्हणाल्या. आम्ही डॉक्टरांकडे पाहिलं. ते खाली बघत राहिले.

चौकशीला मोठे साहेब आले. नर्सने परस्पर इंजेक्शन दिलं आणि सर्वांसमक्ष कबूलही केलं, विचारा यांना, असं डॉक्टर म्हणाले. हुकूम डॉक्टरांचा होता, असं मी स्वच्छ सांगितलं. ते विचारलेलं नाही, म्हणाले साहेब. चूक झाली असं बाई म्हणाल्या की नाही, एवढंच सांगा. म्हणाल्या होत्या. गंगारामलाही तेच विचारलं. तो हो म्हणाला आणि रडायला लागला. बाईंनी एकदाच डॉक्टरांकडे पाहिलं. आपल्या बचावासाठी त्यांनी तोंड उघडलं नाही. बाईंचा हुद्दा उतरवला आणि बदली केली दोडामार्गाकडे. डॉक्टर जागच्या जागी राहिले, वर बढतीही मिळाली. असल्या माणसाला मी नालायकच म्हणतो.

त्यानंतर बाकड्यावर कुणी बसलं नाही. आम्ही तिघं एकमेकांशी कामापुरतं बोलायचो.

काही वर्षांनी दोडामार्गाच्या बाजूला गेलो तेव्हा वाट वाकडी करून बाईंना तिथल्या दवाखान्यात भेटलो. केस पिकले होते, आवाज खाली गेला होता. चहा पीत होतो, तोच एक नवी नर्स घाबरीघुबरी होऊन आत आली. तिने एका म्हातारीला भलत्याच बाटलीतलं औषध पाजलं होतं. बाई धावत गेल्या, म्हातारीला नीट तपासून आल्या. धोका नव्हता. पोरगी तिथल्या डॉक्टरांना सांगायला निघाली, तशा बाई तिच्या आडव्या आल्या.

“कोणाक सांगू नको गो,” त्या म्हणाल्या. “डॉक्टराक तर नकोच. पोटात ठेव.”

पोरीला हायसं वाटलं. ती डोळे पुसून कामाला गेली. चौकशीच्या दिवशीही आला नव्हता इतका आमच्या त्या जुन्या डॉक्टरचा संताप मला त्या क्षणी आला.